युकारीचा चातुर्मास

अनसूयाबाईंनी आयुष्यात पुष्कळांना वळण लावले होते. न ऐकणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण सांगितलेले तंतोतंत ऐकणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न वयाच्या बाहत्तराव्या वर्षी त्यांच्यापुढे प्रथमच उभा राहिला, आणि त्याने त्यांना अगदी जेरीस आणले.

ते माणूस म्हणजे युकारी. जपानातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावची, विशीतली मुलगी. सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये ती साताऱ्याला, विसावा नाक्याजवळच्या त्यांच्या बंगल्यात राहायला आली. सांगलीच्या एका मैत्री मंडळाने दोन देशांतल्या विद्यार्थ्यांची अदलाबदल आरंभिली होती. तिकडची मुलगी वर्षभर इथे राहून मराठी शिकणार, आणि इथला एक विद्यार्थी पुढच्या एप्रिलात तिकडे जाऊन जपानी शिकणार. युकारी पुण्यात काही महिने मराठीचे धडे घेऊनच आली होती. इथून जाणाऱ्याची निवड मात्र दसरा झाल्यावर, सांगलीत तोंडी परीक्षा घेऊन व्हायची होती. ज्याच्या घरी पाहुणी त्याचाच नंबर, असा काही नियम नव्हता.

ती जागा अनसूयाबाईंच्या नातीला, भार्गवीला, हवी होती. हवी होती म्हणजे तिने तिचा ध्यासच घेतला होता. साताऱ्यात जपानी शिकवणारे कोणी नव्हते. पुण्याहून मागवलेली पुस्तके आणि कॅसेटी एवढ्या सामग्रीवर पोरगी लिहायला-वाचायला शिकली होती. वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी. त्यातून तिचे वडील चिंतामणराव यांनी एकदा जेवताना सांगून टाकले होते, की जागा हुकली तर आपण स्थळे पाहायला लागणार. त्यावर अनसूयाबाईंनी पंगतीतच जाहीर केले होते, "माझी नात जपानला जाणार. ज्याला स्थळं बघायची असतील त्याने ती स्वतःसाठी बघावीत."

पाहुणीला घरी ठेवून घेण्याचा निर्णयही त्यांचाच. घरात जपानी बोलणारे माणूस असले की भार्गवीची जीभ आपोआप वळेल, हा त्यामागचा सरळ हिशेब. जूनभर तसेच चालले. संध्याकाळी दोघी मुली ओट्यावर बसत, भार्गवी अडखळे, युकारी दुरुस्त करी, आणि दोघींचे हसणे माजघरापर्यंत ऐकू येई.

मग आषाढी एकादशी आली.

त्या दिवशी आळीतल्या बायका चातुर्मासाचा नेम घ्यायला अनसूयाबाईंकडे जमत. एकेकीने पुढे यायचे, चार महिने काय सोडणार ते सांगायचे, अनसूयाबाईंनी तिच्या तळहातावर पळीभर पाणी घालायचे. ते पाणी ताम्हनात सोडले की संकल्प झाला. कार्तिकीपर्यंत त्यात बदल नाही.

सून विजयमाला पहिली पुढे आली. "मी वांगं सोडते."

पळी तशीच हवेत राहिली. "वांगं? तुला वांगं कधीपासून आवडायला लागलं?"

"आवडत नाही आई, पण खाते ना मी."

"न आवडणारी वस्तू सोडण्याला नेम म्हणत नाहीत, सुटका म्हणतात. या भार्गवीलाही वांगं आवडत नाही. म्हणजे ती जन्मापासून व्रतस्थच म्हणायची!" बायका हसल्या. अनसूयाबाई हसल्या नाहीत. "जिच्यावाचून आपलं अडतं, ती वस्तू सोडायची. मी चहा सोडलाय."

सकाळचा पहिला चहा पोटात गेल्याशिवाय अनसूयाबाईंशी बोलायला घरात कुणी धजत नसे, हे आळीला ठाऊक होते. विजयमालाने निमूट साखर सोडली.

युकारी भिंतीशी मांडी घालून हे सगळे पाहत होती. "आजी, मी पण घेऊ?"

"घे की. काय सोडतेस?"

तिने खरोखरच विचार केला. बायकांना वाटले, पोरगी मासे म्हणेल, फार तर कॉफी म्हणेल. "जपानी," ती म्हणाली. "मी जपानी बोलणं सोडते. त्याच्यावाचून माझं अडतं."

बायकांमधून कौतुकाची एक लहर गेली. धुण्याभांड्याला येणारी, रहिमतपूरकडची बयाबाई दारातून म्हणाली, "आगं बया! हिनं तर जीबच सोडली की!"

भार्गवी ताडकन उठली. "आजी, थांब, एक मिनिट—"

"संकल्पाच्या वेळी मधे बोलू नये," अनसूयाबाईंनी तिच्याकडे न पाहताच सांगितले आणि पळी कलती केली. युकारीच्या गोऱ्या तळहातावरून पाणी ताम्हनात उतरले. परक्या देशाच्या मुलीला व्रताचा अर्थ आपल्या सुनेपेक्षा आधी कळला, या अभिमानाने अनसूयाबाईंचा ऊर भरून आला होता. भार्गवी काय सांगू पाहत होती, हे त्यांच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, ओट्यावर दोन्ही मुली मराठी बोलताना ऐकल्या तेव्हा.

"तू जपानीत विचार ना मला काहीतरी," भार्गवी काकुळतीने म्हणत होती. "फक्त विचार. उत्तर मी देते."

"न्हाई," युकारी म्हणाली. "नेम हाय."

अनसूयाबाईंना दोन धक्के एकदम बसले. एक म्हणजे नातीचा गुरू घरात असून नसल्यासारखा झाला. दुसरा म्हणजे पुण्याच्या पंडितांनी घडवलेली या मुलीची शुद्ध मराठी एका महिन्यात बयाबाईने बाटवली होती. शिकण्याच्या हौसेने पोरगी दिवसभर बयाबाईच्या मागे मागे असे, आणि बयाबाईचे तोंड भांड्यांपेक्षा जास्त चाले.

"‘नाही’ म्हणावं, बाळ. ‘नेम आहे’ म्हणावं."

"नाही, आजी. नेम आहे," युकारीने लगेच सुधारले. "पण बयाबाईचं मला लय आवडतं."

श्रावण गेला, भाद्रपद लागला. भार्गवीने नाना उपाय करून पाहिले. जपानीत विनोद सांगितला. युकारी हसली आणि मराठीत म्हणाली, छान आहे. मुद्दाम चुकीचे बोलून पाहिले. युकारीच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले, पण तिने हाताने तोंड झाकून घेतले. भार्गवीने कॅसेट लावून भिंतीशी संभाषण सुरू केले. कॅसेटमधला गृहस्थ रोज तिला टपाल कार्यालयाचा रस्ता विचारी आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता आभार मानी.

"आजी, मी त्या माणसाचा जीव घेईन एक दिवस," ती म्हणाली.

रविवार सकाळ त्याहून अवघड जाई. अनसूयाबाई देवाला नैवेद्य दाखवायला बसल्या की नेमका जपानहून युकारीच्या आईचा फोन येई. पहिल्या रविवारी युकारीने रिसीव्हर कानाला लावला, डोळे मिटून आईचा आवाज ऐकला, आणि एक शब्द न बोलता तो भार्गवीच्या हाती दिला.

"ऐकायचं मी सोडलं नाही. बोलायचं सोडलंय. तू सांग तिला."

पलीकडची बाई घाबरून गेली होती. मुलीचा घसा बसला का? मुलगी रागावली का? भार्गवीने घाम पुसत, शब्द गोळा करत, काय सांगायचे ते सांगितले. पुढच्या रविवारी त्या माउलीने पुन्हा तेच विचारले, आणखी खोलात जाऊन. हा नेम कुणाच्या देवाचा? कुणी लादला? मध्येच मोडला तर काय होते? तिचे पोट भरते का, केस गळत नाहीत ना, पावसात छत्री नेते का? दर रविवारी तेच. युकारी शेजारी उभी राहून रिसीव्हरला कान लावी, मान हलवी, कधी डोळे पुशी. बोलायचे काम मात्र भार्गवीचे. आणि आत अनसूयाबाई नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवता फिरवता ओरडत, "त्या बाईला म्हणावं, अर्ध्या तासाने कर!"

"हे काय परीक्षेत येणार आहे?" फोन ठेवून भार्गवी चिडे. "तिथे छंद विचारतात, ऋतू विचारतात, आवडता खेळ विचारतात. ही मला विचारते, लेकीला सर्दी झाली तर काढा कोण देतं! माझी रविवारची सकाळही गेली."

नवरात्र तोंडावर आले आणि सांगलीहून परीक्षेची तारीख कळली. दसऱ्यानंतरचा रविवार. अनसूयाबाईंनी युकारीला समोर बसवले. त्यांच्या आवाजात आळीची भांडणे मिटवणारा भारदस्तपणा होता.

"युकारी, तुझा नेम मी दिला. मीच तुला त्यातून मोकळी करते. आजपासून भार्गवीशी जपानी बोलायचं."

युकारीने हात जोडून ऐकून घेतले. "आजी, तुमच्या नेमातून तुम्हाला कोण मोकळं करतं?"

"मला? मला कोण करणार! संकल्प म्हणजे संकल्प."

"मग मलाही कोण करणार?"

त्या प्रश्नात उद्धटपणाचा लवलेश नव्हता, हीच अडचण होती. उद्धट माणसाला अनसूयाबाईंनी केव्हाच गार केले असते.

त्यांनी घराण्याच्या उपाध्यायांना, गणेशभटजींना, बोलावून घेतले. भटजींनी प्रश्न ऐकला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सावकाश भुरका मारला. वेलदोड्याचा वास माजघरभर पसरला. अनसूयाबाईंनी नाकाला पदर लावला.

"सोय आहे," भटजी म्हणाले. "शास्त्रात सगळ्याची सोय आहे. प्रायश्चित्त सांगतो, साधं आहे. पण ज्याचा नेम त्याची इच्छा पाहिजे हो. मुलगी तयार आहे का?"

"ती तयार असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"मग कठीण आहे." भटजींनी बशी पुन्हा भरली. "सूनबाईंच्या हातचा चहा म्हणजे, वा! तुम्ही कशा राहता याच्याशिवाय?"

भटजी गेल्यावर अनसूयाबाईंनी त्यांची उष्टी कपबशी स्वतःच उचलून मोरीत ठेवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचा एकही नेम मोडला नव्हता. यजमान गेले त्या वर्षीही नाही. पण आतल्या खोलीत कॅसेटमधला गृहस्थ टपाल कार्यालयाचा रस्ता विचारत होता, आणि उत्तर देणारा भार्गवीचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. आपल्याच हाताने आपण या पोरीची वाट बंद केली, ती पळी जर त्या दिवशी क्षणभर थांबली असती तर, हे त्यांना उठता-बसता टोचत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली. "विजयमाला, चहा टाक. माझ्यासाठी. युकारीला आणि भार्गवीला इथे बोलाव."

विजयमालाच्या हातातले भांडे खाली आदळले. पण चहा झाला. आले घातलेला, घट्ट, अनसूयाबाईंना लागतो तसा. सगळे घर माजघरात गोळा झाले. बयाबाई हात पुसत दारात आली.

"मी माझा नेम मोडते," अनसूयाबाई म्हणाल्या. "म्हणजे तुला तुझा मोडायला हरकत राहणार नाही." आणि त्यांनी कप उचलला.

तो ओठांपर्यंत पोचलाच नाही. युकारीने झेप घेऊन दोन्ही हातांनी त्यांचे मनगट धरले. चहा हिंदकळला, पदरावर सांडला.

"नको, आजी! माझ्यासाठी न्हाई! तुमचा इतक्या वर्षांचा नेम माझ्यामुळं मोडला तर मी घरी काय तोंड दाखवू?" तिला हुंदका आवरेना. "तुम्ही एवढं केलंत, आता तर मला मोडताच येणार नाही."

"आगं बाई, सोड तो हात! मी सांगते ना!"

"न्हाई!"

"आवं आज्जी," बयाबाई म्हणाली, "तुमीच घडवलीय. आता तुमचंच ऐकंना, तर दोष कुणाला द्यायचा?"

"बयाबाई, तुझी भांडी घासून झाली का?"

कप जागच्या जागी निवला. त्यावर साय धरली. भार्गवी उठून गेली, आणि त्या संध्याकाळी तिने कॅसेटही लावली नाही. अनसूयाबाईंना वाटले, पोरीने आदळआपट केली असती तर बरे झाले असते.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने तिघी सांगलीला निघाल्या. कऱ्हाड गेले, इस्लामपूर गेले. भार्गवी डोळे मिटून ओठ हलवत होती. युकारी तिच्या शेजारी बसून दर थोड्या वेळाने आपल्या मनगटावरचे घड्याळ पाही. आज साताऱ्याला घरी फोन वाजणार आणि चिंतामणराव तो उचलून काय बोलणार, याची तिला काळजी होती.

परीक्षा एका शाळेच्या वर्गात होती. मंडळाने मुंबईहून ओकादा नावाचे जपानी गृहस्थ बोलावले होते. उमेदवार बरेच होते. पुण्याला राहून रीतसर वर्ग केलेला इचलकरंजीचा एक मुलगा तर बाहेरच फडाफडा बोलून सगळ्यांची छाती दडपवत होता. भार्गवीचे नाव पुकारले गेले. अनसूयाबाई बाकावर ताठ बसल्या. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग ओकादांचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज, पुन्हा शांतता. त्या शांतता अनसूयाबाईंनी दातांखाली चावून काढल्या. आणि नंतर एकाएकी भार्गवीचा आवाज सुरू झाला तो थांबेचना. मध्येच ओकादांचे हसणे ऐकू आले. युकारी दाराकडे कान लावून होती. तिचे डोळे मोठे झाले, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

"काय म्हणतेय ती? सांग ना!"

"आजी, ती तुमचंच सांगतेय," युकारी म्हणाली आणि पुढे काही सांगेना.

भार्गवी बाहेर आली ती गोंधळलेल्या चेहऱ्याने. "छंद विचारला, तो गडबडला. पावसाळ्यावर पाठ केलेलं अर्धं विसरले. त्यांनी कंटाळून माझा कागद पालथा घातला, आणि उगाच विचारायचं म्हणून विचारलं, घरी जपानी मुलगी आहे, तर रोज बोलत असशील? मी म्हटलं, नाही. ती बोलत नाही. ते म्हणाले, का?"

"मग?"

"मग काय! आषाढापासून दर रविवारी दुसरं काय सांगतेय मी? कुणाचा देव, कुणी लादलं, मोडलं तर काय होतं. त्यांनी तेच सगळं विचारलं, त्याच क्रमाने! चहाचंही विचारलं. तुझ्याबद्दल विचारलं."

"माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"फार कडक आहे, पण पोटात माया आहे."

"पोटात काय आहे ते परक्यांना सांगायचं कारण नव्हतं."

"शेवटी ते म्हणाले, तुझं जपानी कॉलेजातल्या मुलीचं नाही. समुद्रकाठच्या गावातल्या, लेकीच्या काळजीत पडलेल्या एखाद्या आईचं आहे. ते कुठून शिकलीस?" एवढे सांगून भार्गवीला रडू आले, की हसू, ते तिचे तिलाच कळेना.

निकाल दुपारीच लागला. मंडळाच्या चिटणिसांनी भार्गवीचे नाव वाचले. व्याकरण कच्चे आहे, तिकडे पोचल्यावर आधी भाषेच्या वर्गाला बसावे लागेल, असेही वर सांगितले. पण जागा तिची झाली.

अनसूयाबाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर त्यांची चिडचिड काही केल्या शमेना. त्यांचा हुकूम वाया गेला होता, भटजी वाया गेले होते, सांडलेला चहा वाया गेला होता. काम केले ते कुणी, तर नैवेद्याच्या वेळी वाजणाऱ्या त्या फोनने. आणि त्या फोनच्या पलीकडे एक बाई होती, जिने आषाढापासून आपल्या लेकीचा एक शब्द ऐकला नव्हता. आपण पळी कलती केली तेव्हा त्या बाईला कुणी विचारले होते? इतके दिवस हे आपल्या मनात आले नाही, याचा अनसूयाबाईंना जास्तच राग आला, आणि तो काढायला समोर कोणी नव्हते.

"युकारी, पुढच्या रविवारी आईशी बोल. मी हात जोडते."

"कार्तिकीला बोलेन, आजी," युकारी प्रेमाने म्हणाली. "आता थोडेच दिवस राहिले. आईला पण आता सवय झाली. ती म्हणते, भार्गवी छान बोलते."

अनसूयाबाईंनी तोंड खिडकीकडे वळवले.

आष्ट्याच्या स्थानकात गाडी थांबली. चहावाला खिडकीखाली आला. युकारी आणि भार्गवीने एकेक कप घेतला. वाफ थेट अनसूयाबाईंच्या नाकाशी आली. त्यांनी पदर नाकाला लावला आणि पुढच्या बाकाच्या दांड्यावर नजर ठेवली.

भार्गवीने घोट घेतला, आजीकडे पाहिले. किती तरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत जुना खट्याळपणा आला होता. "आजी, पुढच्या आषाढीला मी तिकडे असेन. तिथेही नेम घ्यावाच लागेल ना? जिच्यावाचून आपलं अडतं ती वस्तू सोडायची, तूच सांगतेस." तिने आणखी एक घोट घेतला. "मी मराठी सोडू?"

गाडी सुटायला वाहकाने घंटी ओढली. अनसूयाबाईंच्या डोळ्यांपुढे रविवारची सकाळ उभी राहिली. फोन वाजतो आहे, आपण धावत जाऊन उचलतो आहोत, आणि पलीकडून कुणी परकी पोर अडखळत सांगते आहे, की भार्गवी बरी आहे, भार्गवी जेवते, भार्गवी तुमचं सगळं ऐकते आहे.

"काही गरज नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय सोडू?"

"वांगं सोड."